विहीर – बाटली

इतवारी, नागपूर
८ नोव्हेंबर १९७०

बाबा, मला नोकरी लागली. जयभीम.

वरची ओळ पाटीवर काढावी तशी मोठी काढली आहे, तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावी म्हणून. वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात तुम्ही मोठी अक्षरं शिकलात, दुकानांवरच्या पाट्या एकेक अक्षर जुळवत वाचता. माझं हस्ताक्षर मात्र गुळाला लागलेल्या मुंग्यांसारखं, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून पुढचं सगळं तुमची लेक प्रेमिला वाचून दाखवेल.

साडेतीन मैलांवर राहणाऱ्या बापाला मी पोस्टानं पत्र पाठवतो आहे. पत्ता पाहून पोस्टातला बाबू म्हणाला, "सायकल पंक्चर झाली का गा?" मी म्हटलं, उंबरा ओलांडायची मनाई मला आहे, कागदाला नाही.

नोकरी कुठली ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मला पाठ झालं आहे. "छप्पन साली हात धुतले म्या. मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गाव सोडलं, मिलमध्ये उभं राहून तुले बी.एस्सी. केलं. आन् तू तेच कातडं घरात आणून राहिला? त्याचा वास घेऊन या घरात येऊ नको." मी चपला घातल्या आणि निघालो. राग मलाही येतो, तुमचाच मुलगा आहे.

पण बाबा, मी कातड्याला हात लावत नाही. चामड्याच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. माझ्या हातात काचेची नळी असते. कातडं म्हणजे प्रथिनाचे बारीक धागे. ओले राहिले तर सडतात, उकळले तर आकसून त्यांचा गोळा होतो. आम्ही क्रोम नावाचा धातू पाण्यात विरघळवतो आणि त्यात कातडं बुडवतो. तो धातू धाग्यांच्या मधे शिरतो, एका हातानं इकडचा धागा धरतो, दुसऱ्यानं तिकडचा, आणि मग सोडत नाही. कातडं फिकट निळं होऊन बाहेर येतं. त्याचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून बघायचा हीच आमची परीक्षा. आकसला नाही तर पास.

गंमत पुढे आहे. क्रोम पिंपातून येतो तेव्हा नारिंगी असतो, त्याला बायक्रोमेट म्हणतात, आणि तो विषारी असतो. तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, घालून त्यात गूळ टाकला की तो फसफसतो आणि हिरवा होतो. हिरवा झाला की कातड्याच्या कामाचा, आणि माणसाला त्याची भीती नाही. म्हणजे गुळानं विष उतरतं. गूळ घालायचं काम धोंडबांकडे आहे, आपल्या वस्तीमागच्या गल्लीतले. ढेप फोडताना ते प्रत्येक कामगाराच्या हातावर एकेक खडा ठेवतात. त्यानं घसा साफ राहतो म्हणतात.

(प्रेमिला, इथून पुढे मोठ्यानं वाचू नको.) बाबांनी ऐकलं का गं? मधेच उठून गेले तर तसं लिही. खरं सांगू, तेजाबाचा वास कातड्याच्या वासापेक्षा वाईट आहे, आणि आंघोळ करूनही तो केसांत राहतो. पण माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. ती बाबांनी एकदा बघायला हवी, मोठी अक्षरं आहेत.

तुमचा
रविंद्र


६ फेब्रुवारी १९७१

बाबा,

प्रेमिलानं लिहिलं की तुम्ही पत्र शेवटपर्यंत ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "येवढा गूळ नासून राहिले?" मला फार आनंद झाला. चार महिन्यांत तुम्ही माझ्याविषयी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आता तेवढा गूळ नासत नाही. कारखान्याला परदेशी मागणी आली आहे आणि मालक मनोहरराव घाईत आहेत. धोंडबांची रीत अशी की खडा खडा गूळ टाकायचा, काठीनं ढवळायचं, मग पिंप झाकून दोन दिवस विसरून जायचं. मी हिशेब मांडून नवी रीत काढली. तेजाब वाढवला, खालून वाफ दिली, गूळ निम्म्यावर आणला. दोन दिवसांचं काम चार तासांत. कातडं उकळीच्या परीक्षेत पास. मनोहररावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

दुसरी गोष्ट. वापरलेलं पाणी पूर्वी नाल्यात जायचं आणि नाल्यावर धुणं धुणाऱ्या बाया ओरडायच्या. मी सुचवलं की मागच्या माळावर एक मोठा खड्डा खणा. खणला. त्यात कितीही पाणी सोडा, दोन दिवसांत जिरतं, वर काही उरत नाही. मनोहरराव म्हणाले, "रविंद्र, तुझा खड्डा तं जादूचा निघाला." खड्ड्याच्या नकाशावर माझी सही आहे.

(प्रेमिला, हे तुझ्यापुरतं.) धोंडबा माझ्यावर रुसले आहेत. म्हणाले, "सायेब, गुळाले घाई नाई चालत. घाईनं वरून हिरवं दिसते, पोटात पिवळं राह्यते." म्हातारा शाळेत गेला नाही, पण बोलला ते खरं आहे. माझ्या रीतीत तो विषारी नारिंगी क्रोम थोडा राहून जातो, पाण्यात तो पिवळा दिसतो. कातड्याला चालतं, म्हणून मी काही बोललो नाही. ते खड्ड्यात जातं.

रविंद्र


१२ मार्च १९७२

बाबा,

वर्षभरात मी अकरा पत्रं पाठवली, तुम्ही एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. प्रेमिला लिहिते ते तिचं उत्तर. तरी तुम्ही ऐकता एवढं मला पुरेसं आहे. परवा सायकलवरून वस्तीजवळून जाताना तुम्ही विहिरीचा दोर बदलताना दिसलात. मी घंटी वाजवली. तुम्ही वर पाहिलं आणि परत दोराकडे पाहिलं. माझ्या खात्यात मी ते जमा केलं आहे.

एक विचारायचं होतं. सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात तुम्ही लोकांनी विहीर खणली ती गोष्ट लहानपणी रोज ऐकायचो, पण बारकावे विसरलो. बत्तीस फुटांवर तुमची कुदळ खडकाच्या भेगेत अडकली, ती ओढल्यावर पाणी आलं, आणि पहिली ओंजळ तुम्ही प्यालात, इतकं आठवतं. ती भेग कोणत्या बाजूची? पाणी अजून त्याच भेगेतून येतं का? प्रेमिलाला नीट सांगा, ती लिहून घेईल.

(इथून वाचू नको.) प्रेमिला, धोंडबांच्या हातांना भोकं पडली आहेत. बोटांच्या सांध्यांवर, मुगाच्या डाळीएवढी. दुखत नाहीत, म्हणून ते दाखवत नव्हते. काल जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना एक खेळ दाखवला. गोणी शिवायचा दोरा एका नाकपुडीतून घातला आणि दुसरीतून बाहेर काढला. नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक आहे. "सायेब, मले आता नथनी घाला," म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. मग टेबलाशी येऊन पुस्तक उघडलं.

पुस्तकात लिहिलं आहे की हिरवा क्रोम मातीला धरून बसतो, हलत नाही. पिवळा कशालाच धरत नाही. पाणी जिकडे जातं तिकडे तोही जातो. मी मनात त्याला 'चालणारा' म्हणतो. काल सायकल हातात धरून खड्ड्यापासून आपल्या विहिरीपर्यंत चालत आलो. चारशे तीस पावलं भरली. खड्डा विहिरीच्या उत्तरेला आहे.

भात कसा दिसतो गं हल्ली? पांढरा दिसतो का?

रविंद्र


२ एप्रिल १९७२

बाबा,

तुम्ही भेगेची गोष्ट सांगायला बसलात आणि तासभर थांबला नाहीत, असं प्रेमिला लिहिते. वाचून मला रडू आलं. भेग उत्तरेची, तळापासून दोन हात वर, तिच्यात अजून माणसाची मूठ जाते, आणि ऐन मे महिन्यातही तिची धार तुटत नाही. तुम्ही म्हणालात, "त्याले सांगजो, गावात आपल्याले पाणी वरून ओतत होते. इथं आपलं पाणी आपल्या पायाखालून येते." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

(वाचू नको.) उत्तरेची. मला दुसरी कोणतीही बाजू चालली असती.

तू लिहितेस, भात पिवळसर दिसतो आणि बाबा म्हणतात खालचा मुरूम पाण्यात येतो, उन्हाळा आहे. असेलही. तसंच असावं असं मला वाटतं. पण मला बघायचं आहे. धोंडबांबरोबर दोन रिकाम्या बाटल्या पाठवतो आहे. एकीत जरीपटका भागातल्या नळाचं पाणी भर, दुसरीत विहिरीचं. अदलाबदल होऊ नये म्हणून कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. बाबा घरी नसताना भर. धोंडबा संध्याकाळी येऊन घेऊन जातील.

रविंद्र


१६ एप्रिल १९७२

बाबा,

आज हात जोडून लिहितो आहे. काय झालं ते धोंडबांनी सांगितलं आणि प्रेमिलानंही. तुम्ही लवकर घरी आलात. ओट्यावर दोन बाटल्या होत्या. तुम्ही एक उचललीत, उन्हात धरलीत आणि अक्षरं जुळवत वाचलंत. विहीर. बाटली. मग धोंडबांना विचारलंत, "कोणं लिहिलं?" त्यांनी माझं नाव सांगितलं.

बाबा, बाटली म्हणजे शिशी. पाणी भरायची शिशी. 'विहीर – बाटली' म्हणजे विहिरीच्या पाण्याची शिशी. दुसरीवर मी 'नळ – बाटली' लिहिलं होतं. नळ बाटला म्हणतात ना, बाटली कसं म्हणतील? व्याकरणानंच बघा. आपल्या घरात शिशी म्हणतात, कॉलेजात बाटली म्हणायची सवय लागली, आणि मी विचार न करता सवयीनं लिहून गेलो. चूक माझी आहे. पण तुम्हाला वाटलं ते मी लिहिलं नव्हतं. कधीच लिहिणार नाही.

तुम्ही म्हणालात, "गावच्या विहिरीले मायी सावली लागली तं पाटील म्हणे विहीर बाटली. त्यानं तोंडानं म्हटलं. यानं लिहून पाठवलं." आणि सगळ्यांसमोर बादली ओढून ओंजळीनं पाणी प्यालात, पोट भरेपर्यंत. धोंडबा म्हणतात तुमची मान पाण्यानं भिजली होती. बाबा, मी लिहिलेलं तुम्ही स्वतः वाचावं म्हणून किती वर्षं थांबलो होतो. आणि वाचलंत ते हे.

(प्रेमिला, थांब. दार लावून घे.) बाटल्या माझ्यापर्यंत आल्या. मी दोन्हींत तेजाबाचे थेंब घातले, मग आयोडाइड, मग साबुदाण्याची पेज. चालणारा असेल तर पाणी निळं होतं. नळाची बाटली पाण्यासारखीच राहिली. विहिरीची निळी झाली. मी ती ओतून दिली, बाटली घासली, परत तपासलं. परत निळी.

ते पाणी पिऊ नको. स्वयंपाकालाही घेऊ नको. जरीपटक्याच्या नळावरून आण, कितीही रांग असली तरी. बाबांना काय सांगायचं ते मला अजून सुचत नाही. आज मी म्हटलं की हे पाणी पिण्यालायक नाही, तर त्या कागदावरचं खरं ठरलं असंच ते समजतील. थोडे दिवस दे. मी काही तरी करतो.

रविंद्र


८ मे १९७२

प्रेमिला,

हे पत्र पूर्ण तुझं आहे. बाबांना दाखवू नको. धोंडबांच्या हातीच देतो आहे.

काल रविवारी दुपारी बाबा माझ्या खोलीवर आले. खाली भांड्यांच्या दुकानात ठोकाठोक चालू होती, त्यामुळे जिन्यावर पावलं ऐकू आली नाहीत. दार उघडलं तर समोर ते. धुतलेलं धोतर, आणि हातात आपला पितळी तांब्या, वर फडकं बांधलेलं. सायकल रिक्षात मांडीवर धरून आणला म्हणे, थेंब सांडू न देता.

बसले. खोली पाहिली. म्हणाले, "शिशी म्हणायचं होतं तं शिशीच लिहायचं होतं गा." मी म्हटलं, चुकलं बाबा. ते म्हणाले, "प्रेमिला समजावून राहिली पंधरा दिवसापासून. मले पटलं नाई. मंग म्हटलं, त्यालेच पाहू." त्यांनी फडकं सोडलं आणि तांब्या माझ्यापुढे केला. "तू म्हणतं ना विहीर बाटली नाई. मंग पे."

काचेच्या पेल्यात ओतलं असतं तर रंग दिसला असता. पितळेत काही दिसत नाही.

तुला काय वाटतं, मी काय करायला हवं होतं? एका मिनिटात किती विचार येतात बघ. मला वाटलं सांगावं, बाबा, यात विष आहे, माझ्या खड्ड्यातलं. शब्द जिभेवर आले होते. मग त्यांचे हात दिसले. तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरला होता. दीड वर्षानं माझ्या घरी आलेला बाप, आणि मी त्यांच्या विहिरीचं पाणी नाकारू? मी तांब्या घेतला आणि वरून ओतून न पिता तोंड लावून प्यालो, सगळा. चव धातूसारखी होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसांचा वास घेतला. "वास येत नाई तुले," म्हणाले. "येजो घरी." जिना उतरताना ते स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते. मी दार लावून खूप रडलो. आनंदानं रडलो की भीतीनं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आज सकाळी धोंडबा म्हणाले, "सायेब, लय बरं केलं. तुमचे बाबा देवराव साऱ्या वस्तीत सांगून राहिले, माया पोरगा केमिस्ट हाय, त्यानं तपासलं आन् तांब्याभर पेऊन दाखवलं. मायी बाई जरीपटक्याले जात होती पाण्याले, तिले म्या म्हटलं, आता काहून जातं?"

हे व्हायचं राहिलं होतं. मी दिलेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

दुपारी मनोहररावांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पान लावत होते. म्हणाले, "पावसाळा येऊन राहिला ना. सारं धुऊन जाईन." मी म्हटलं, लोक आज पाणी पितात. ते म्हणाले, "खड्डा कोणं सांगितला होता? नकाशावर सही कोनाची? बोलून पाह्य बाहेर, मंग पाहू कोनाले पकडते." आणि मला पान दिलं. मी घेतलं.

सध्या मी एवढंच करतो की जुनी रीत परत चालू केली आहे, आणि संध्याकाळी खड्ड्यात गूळ टाकतो. चार ढेपा टाकल्या. कामगार म्हणतात केमिस्टसायेब खड्ड्याले निवद दाखवते. खड्ड्यातलं पिवळं त्यानं हिरवं होईल. पण जे आधीच चालत गेलं त्याला गूळ गाठू शकत नाही.

तू नळाचंच पाणी पी. वचन दे.

दादा


४ जून १९७२

प्रेमिला,

तुझं पत्र मिळालं. अक्षर का असं आलं आहे? तोंडात फोड आले आहेत, पोटात कळा येतात, काही खाल्लं की उलटते, आणि हे सगळं तू शेवटी, 'बाकी ठीक' च्या आधी एका ओळीत लिहितेस.

वचन का मोडलंस ते वाचलं. बाबांनी नळाचा हंडा पाहिला आणि नालीत ओतून दिला. "दादानं पेलं, तुले काय झालं?" यावर तू काय बोलणार होतीस? माझ्या तांब्यानं तुझं तोंड बंद केलं. आणि तू लिहितेस की काळजी करू नको, मी पाणी चांगलं दहा मिनिटं उकळून घेते.

अगं, उकळू नको. उकळीला तो भीत नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि तो खाली राहतो, उलट दाट होतो. पहिल्या पत्रात उकळीच्या परीक्षेबद्दल मी केवढ्या फुशारकीनं लिहिलं होतं. उरलेल्यांचं सांगतेस, धोंडबांच्या बायकोचं, शेजारच्या गोपिकाकाकूंचं, दोघींचीही तोंडं आली आहेत, आणि लोक म्हणतात उष्णता आहे. यंदा ऊन कडक आहे, असं बाबा म्हणतात. बाबांनाही होतं आहे ना? ते सांगणार नाहीत. त्यांच्या जिभेकडे बघ.

प्रथिन म्हणजे फक्त कातडं नाही, हे मला इतके दिवस माहीत होतं आणि कळलं नव्हतं. तुझी जीभ, तुझं आतडं, माझं नाक, सगळं तेच धागे. गेल्या आठवड्यापासून माझ्या नाकातून खपल्या पडतात. दोरा घालून बघायचं धाडस होत नाही.

मी उद्या येतो. तुला रामदासपेठेत डॉक्टरांना दाखवू. बाबांना उद्याच सांगतो, तोंडावर सांगतो. यावेळी नक्की.

दादा


११ जून १९७२

बाबा, मी रविंद्र.

प्रेमिला दवाखान्यात आहे.
वाचायला घरी कोणी नाही.
म्हणून सगळं मोठ्या अक्षरांत.
यात लपवायचं काही नाही.

काल दवाखान्यात तुम्ही शेजारी बसला होतात.
मी तीनदा तोंड उघडलं.
तुम्ही विचारलं, जेवला का गा.
मी म्हटलं, हो.
मी जेवलो नव्हतो.

तिला उष्णता झाली नाही.
पाण्यानं झालं आहे.
डॉक्टरांना मी सांगितलं आहे.
तुम्हाला सांगितलं नाही.

विहीर बाटली नाही.
तुमची विहीर कधीच बाटली नाही.
तिच्यात विष आहे.
कारखान्याचं विष.
खड्डा मी खणायला लावला.
गूळ मी कमी केला.
ते चालत चालत
उत्तरेच्या भेगेतून आलं.

मला ते एप्रिलपासून माहीत होतं.
तुम्ही तांब्या आणलात तेव्हाही.
तुम्हाला वाईट वाटेल म्हणून प्यालो.
तुम्ही वस्तीला सांगितलंत ते खोटं आहे.
तुमचं खोटं नाही. माझं.

हा कागद ओट्यावर उभे राहून मोठ्यानं वाचा.
हळू वाचलं तरी लोक थांबतील.
माझं नाव गाळू नका.

उद्या सकाळी पाणी भरायच्या वेळी
मी विहिरीवर येतो.
पोलिसांना कागद देऊन येतो.
मारायचं तर मारा.
पण आधी दोर कापा.